पदवीनंतरचे शिक्षण आणि राज्याची शिष्यवृत्ती

पदवी हाती पडली की आमच्यासारख्यांच्या घरी शिक्षण संपले असे धरले जाते. पुढे शिकावयाचे तर पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न उरतोच. राज्याने दिलेली शिष्यवृत्ती हे त्याचे एक उत्तर. ती काय साधू शकते आणि कोठे अपुरी पडते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेवरून चांगले कळते.

१९१२ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. महाराज सयाजीराव गायकवाडांचे हे साहाय्य बिनशर्त नव्हते. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा करार होता. या आधारावर कोलंबिया विद्यापीठातून ते १९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. पदवी होती, हुद्दा होता. पण अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. पुढे सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेला पैसा, राजर्षी शाहू महाराजांची मदत व मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. शिष्यवृत्तीची मुदत अभ्यासाच्या मापाने ठरावी, अभ्यास मुदतीच्या मापाने कापला जाऊ नये. दुसरे असे की, पैशाने विद्यापीठाचे दार उघडते, समाजाचे उघडतेच असे नाही.

अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. आज अर्ज संगणकावरून भरला जातो आणि रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. परदेशी शिक्षणासाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे. तथापि, हप्ता वर्षअखेरीस आला तर तोवर खानावळवाला थांबत नाही, खोलीचे भाडेही थांबत नाही. ज्याच्या घरी शिल्लक आहे तो वाट पाहू शकतो. ज्याच्यासाठी योजना आहे त्यालाच ती वाट परवडत नाही. म्हणून वेळेवर मिळणे हा शिष्यवृत्तीच्या रकमेइतकाच महत्त्वाचा भाग मानला पाहिजे.

माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मित्रहो, शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तिचे नियम वाचा, कागदपत्रे वेळेत जमवा आणि विलंब झाल्यास लेखी विचारणा करा. बी. ए. हा आपल्या शिक्षणाचा शेवट ठरू नये.