लांडगिणीचं दूध पुरणार किती?

प्रश्न : खाजणात कोल्हे ओरडायला लागले की नातू मोगलीची गोष्ट मागतो. लांडग्यांनी माणसाचं मूल वाढवल्याचं खरंच कधी घडलंय का?
— एक वाचक, गव्हाण (ता. पनवेल)

उत्तर : गोष्ट जरूर सांगा. पण लांडग्यांनी वाढवलेलं मूल पुराव्यानिशी सिद्ध झाल्याचं एकही उदाहरण नाही. पहिली अडचण दुधाचीच. लांडग्याची पिल्लं दोनेक महिन्यांत अंगावरचं दूध सोडतात आणि वर्षभरात जवळजवळ मोठ्यांएवढी होतात. आपलं बाळ तेव्हा जेमतेम पाऊल टाकू लागलेलं असतं. कळप त्याच्यासाठी थांबेल कशाला?

हकिकती मात्र पुष्कळ. कर्नल स्लीमन यांनी अवधकडच्या काही 1852 मध्ये छापल्या. 1867 च्या सुमारास बुलंदशहरकडे सापडलेला दिना शनिचर आग्र्याजवळच्या सिकंदऱ्याच्या अनाथालयात वाढला. तो बोलायला कधीच शिकला नाही, तंबाखू ओढायला मात्र शिकला. 1895 मध्ये तो वारला.

सर्वांत गाजल्या मिदनापूरच्या अमला-कमला. 1920 मध्ये पाद्री सिंग यांनी त्यांना लांडग्यांच्या गुहेतून आणलं म्हणे. अमला वर्षभरात गेली, कमला 1929 मध्ये. येल विद्यापीठातल्या गेझेलसारख्या मोठ्या बालमानसशास्त्रज्ञानेही ही हकिकत खरी मानून पुस्तक लिहिलं! पुढे सर्ज अरोल्स या फ्रेंच शल्यचिकित्सकाने जुनी कागदपत्रं धुंडाळली. पाद्रींची ‘रोजनिशी’ मुलींच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहे, हा त्याचा निष्कर्ष. कमलाला जन्मजात मेंदूविकार असावा, असंही त्याचं मत. मला ते पटतं. न बोलणारं, न चालणारं मूल घरच्यांनीच रानात सोडलं असेल, तर ते कबूल करण्यापेक्षा लांडग्याचं नाव पुढे करणं केव्हाही सोपं.

मोगलीचं म्हणाल, तर त्याचा लेखक किपलिंग मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारात 1865 मध्ये जन्मलेला. ‘जंगल बुक’ (1894) मात्र त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिलं. गोष्टीतली वैनगंगा खरी आहे. ती मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि गोंदिया, भंडाऱ्यावरून गडचिरोलीकडे जाते. तो मुलूख पाहायचा असेल, तर पेंचच्या आपल्या बाजूच्या जंगलात नागपूरहून सिल्लारी फाटकातून जाता येतं. पावसाळ्यात सफारी बंद असते, तेवढं पाहून निघा.