बारा व्होल्टमधून वीस हजार व्होल्ट : पेट्रोल इंजिनाची इग्निशन सिस्टीम



मागच्या पाठात आपण चार स्ट्रोक पाहिले. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. त्यात एक वाक्य आपण भरभर म्हणून पुढे गेलो होतो : 'कॉम्प्रेशन संपत आलं की प्लग ठिणगी टाकतो.' आज त्याच वाक्यापाशी थांबायचं आहे. डिझेल इंजिनात नुसती हवा इतकी दाबतात की ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनात मिश्रण आपोआप पेटलं तर ते नुकसानच. आपण ठरवू त्या क्षणी, आपण ठरवू त्या जागी ते पेटलं पाहिजे. म्हणून ठिणगी.

आता आधी एका प्रश्नाचं उत्तर मनात ठरवा आणि मगच पुढे वाचा. पॉइंट असलेल्या जुन्या गाडीत ठिणगी कधी पडते? पॉइंट एकमेकांना टेकतात तेव्हा, की सुटतात तेव्हा?

बहुतेक मुलं तोंडी परीक्षेत 'टेकतात तेव्हा' असं सांगतात. घरात बटण दाबलं की दिवा लागतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण उत्तर बरोबर उलटं आहे. ठिणगी पडते ती पॉइंट सुटतात तेव्हा. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की कॉइल, कंडेन्सर, पॉइंटचं गॅप, सगळं पाठ न करता समजतं.

आधी थोडा इतिहास

इंजिन बनवणाऱ्यांना सुरुवातीला सर्वांत जास्त छळलं ते पेटवण्याच्या कामानेच. १८६० मध्ये फ्रान्समध्ये लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात इंडक्शन कॉइल आणि प्लग वापरला, पण तो भरवशाचा नव्हता. १८७६ च्या ऑटोच्या प्रसिद्ध चार स्ट्रोक इंजिनात तर ठिणगी नव्हतीच, बाहेर पेटत असलेली ज्योत सरकत्या झडपेतून आत घेतली जायची. डाइमलरने तापवून लाल केलेली नळी वापरली. पुढे १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यात होनोल्डने हाय व्होल्टेज मॅग्नेटो तयार केला आणि १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅक गाड्यांसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी दिली. आपली अँबॅसेडर, जुनी बुलेट, सगळ्या याच केटरिंगच्या पद्धतीवर चालल्या.

कॉइलच्या आत काय चालतं?

बॅटरी १२ व्होल्टची. दाबलेल्या मिश्रणात प्लगचं पाऊण मिलिमीटरचं गॅप ओलांडायला लागतात सुमारे आठ-दहा हजार ते वीस हजार व्होल्ट. ही उडी मारायची कशी?

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. प्रायमरी जाड तारेची, साधारण २०० वेढ्यांची. सेकंडरी केसासारख्या बारीक तारेची, सुमारे २०,००० वेढ्यांची. म्हणजे प्रमाण १:१००. प्रायमरीतून करंट गेला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दहावीत वाचलेलं फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आठवा : क्षेत्र नुसतं असून उपयोग नाही, ते बदललं पाहिजे. आणि जितक्या वेगाने बदलेल तितका व्होल्टेज जास्त.

आता हिशोब करू. प्रायमरीचा रोध ३ ओहम धरा, इंडक्टन्स ८ मिलिहेन्री धरा. पॉइंट टेकले की करंट वाढायला लागतो आणि १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअरपर्यंत जातो. पण एकदम नाही, हळूहळू. या काळात प्रायमरीवर १२ व्होल्टपेक्षा जास्त दाब येऊच शकत नाही, कारण बॅटरीच तेवढी आहे. त्याचे शंभर पट केले तरी सेकंडरीत होतात फक्त १२०० व्होल्ट. एवढ्यात प्लगवर काही होत नाही. म्हणून पॉइंट टेकताना ठिणगी नाही!

आता पॉइंट सुटतात. ४ अँपिअरचा करंट साधारण एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात शून्यावर येतो. इंडक्टन्स गुणिले बदलाचा वेग : ०.००८ × ४ भागिले ०.०००१ = ३२० व्होल्ट. इथे बॅटरीची मर्यादा नाही, कारण हा दाब बॅटरीचा नाहीच, कोसळणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा आहे. त्याचे शंभर पट म्हणजे सेकंडरीत तीस हजारांच्या वर जाण्याची ताकद. प्रत्यक्षात तेवढं चढायच्या आधीच प्लगवर ठिणगी पडून जाते.

नळाचं उदाहरण घ्या. नळ सोडताना पाइप शांत असतो. जोरात वाहणारं पाणी झटकन बंद केलं की पाइप धाडकन दणका देतो. तसंच हे.

कंडेन्सर कशाला?

'पॉइंट जळू नयेत म्हणून' एवढंच लिहून मुलं थांबतात. ते बरोबर आहे, पण अर्धंच. पॉइंट सुटायला लागतात तेव्हा त्यांच्यातलं अंतर कागदाएवढंही नसतं, आणि तिथे शेकडो व्होल्ट उभे राहतात. कंडेन्सर नसेल तर करंट तिथेच आर्क करून वाहत राहील. मग तो झटकन शून्यावर येणार नाही. म्हणजे वरच्या हिशोबातला ०.०००१ सेकंद बिघडला आणि सगळा दाबच गेला. सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्या क्षणी करंटला जायला जागा देतो, तेवढ्यात पॉइंट पुरेसे लांब होतात. म्हणून कंडेन्सर खराब झालेल्या गाडीत दोन गोष्टी एकदम दिसतात : पॉइंट काळे पडलेले, आणि प्लगवर मरतुकडी, पिवळट ठिणगी. अशा वेळी नुसते पॉइंट बदलून गाडी दिली तर ती परत येणारच.

बुलेटचा अँमीटर बघा

पॉइंटवाली जुनी बुलेट कुठे मिळाली तर हा प्रयोग जरूर करा. चावी चालू करा, इंजिन बंदच ठेवा आणि किक हाताने किंवा पायाने अगदी सावकाश दाबा. अँमीटरचा काटा उणे बाजूला जातो, म्हणजे पॉइंट टेकलेले आहेत आणि कॉइल करंट खाते आहे. किक जड लागते, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकापाशी आलेला असतो, आणि काटा शून्यावर येतो. पॉइंट सुटले! जुने बुलेटवाले याच जागी डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवतात, लिव्हर सोडतात आणि मग पूर्ण किक मारतात. आपण वहीत जी आकृती काढतो ती त्या काट्यावर हलताना दिसते. यावरून आणखी एक कळतं : इंजिन बंद असताना चावी चालू राहिली आणि नेमके पॉइंट टेकलेले असले, तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते.

वेग वाढला की अडचण

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरतंय समजा. सेकंदाला १०० फेऱ्या, प्रत्येक फेरीत २ ठिणग्या, म्हणजे सेकंदाला २००. एका ठिणगीच्या वाट्याला ५ मिलिसेकंद. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पॉइंट टेकलेले, म्हणजे ३ मिलिसेकंद. आपल्या कॉइलला ४ अँपिअरच्या जवळ पोहोचायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. ३ मिलिसेकंदात करंट जेमतेम पावणेतीन अँपिअर होतो. साठलेली ऊर्जा करंटच्या वर्गावर असते, त्यामुळे ती निम्म्याहूनही खाली येते. जुन्या पद्धतीची खरी मर्यादा ही आहे. पॉइंटचं गॅप जास्त ठेवलं की टेकण्याचा काळ आणखी कमी होतो, म्हणून फीलर गेजने मोजूनच गॅप लावायचं. नजरेच्या अंदाजाने नाही.

ठिणगी आधी का टाकतात?

मिश्रण स्फोट होऊन एकदम जळत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला काही वेळ लागतो. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे गेला की सर्वांत जास्त दाब मिळावा, असं आपल्याला हवं असतं. म्हणून पिस्टन टोकाला पोहोचायच्या आधीच ठिणगी. १५०० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ९ अंश फिरतो, ३००० ला १८ अंश. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली स्प्रिंगला बांधलेली वजनं करतात. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ते सावकाश जळतं, त्यासाठी व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स.

टायमिंग फार पुढे घेतलं तर इंजिन नॉक करतं, आणि किक मारताना लिव्हर उलटा येऊन नडगी फोडतो. फार मागे ठेवलं तर ओढ जाते, इंजिन आणि सायलेन्सर तापतात, पेट्रोल वाया जातं.

पॉइंट गेले, तत्त्व राहिलं

आता पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर आहे. क्रँकवरचा सेन्सर पिस्टन कुठे आहे ते सांगतो आणि ईसीयू ठरवतं की करंट कधी सुरू करायचा, कधी तोडायचा. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे ६००० आरपीएमलाही प्रत्येक कॉइलला ५ ऐवजी २० मिलिसेकंद मिळतात. डिस्ट्रिब्युटर, रोटर, कार्बन ब्रश, सगळ्यांना सुट्टी. पण ठिणगी अजूनही करंट तोडतानाच पडते.

अपवाद एकच लक्षात ठेवा, सीडीआय. कितीतरी दुचाकींत हेच असतं. यात ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात नाही, कपॅसिटरमध्ये साठवतात. कपॅसिटर काहीशे व्होल्टला भरून ठेवायचा आणि वेळ आली की एससीआरमधून प्रायमरीत एकदम रिकामा करायचा. म्हणजे इथे ठिणगी जोडताना पडते. ती जोरदार असते, काजळी धरलेल्या प्लगवरही पडते, पण फार थोडा वेळ टिकते.

'करंट येतोय' म्हणजे सगळं ठीक?

गॅरेजमध्ये प्लग काढून हेडला टेकवतात, किक मारतात आणि ठिणगी दिसली की 'करंट येतोय' म्हणून इग्निशन सोडून कार्बोरेटर उघडायला घेतात. थांबा जरा. उघड्या हवेत तेवढं गॅप ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. आत दाबाखाली त्याच्या कितीतरी पट लागतात. बाहेर दिसलेली ठिणगी आत पडेलच असं नाही. म्हणूनच एखादी गाडी सपाटीवर छान चालते आणि कसारा घाटात थ्रॉटल पूर्ण उघडला की मिस मारते. थ्रॉटल उघडला की सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो, लागणारा व्होल्टेज वाढतो, आणि मग करंट प्लगऐवजी चिरलेल्या एच.टी. वायरमधून किंवा कॅपमधून पळतो. अशी गाडी अंधारात चालू करून वायरींवर नजर टाका. निळसर लुकलुक दिसली की चोर सापडला.

ही चाचणी करताना प्लगची बॉडी हेडला घट्ट टेकलेली हवी. वायर मोकळी सोडून इंजिन फिरवाल तर इलेक्ट्रॉनिक युनिट जाऊ शकतं. आणि ठिणगी प्लगच्या उघड्या भोकापासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इग्निशनमध्ये हात घालूच नये.

आता वहीत सोडवायचं उदाहरण. जुन्या मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, चार स्ट्रोक, फायरिंग ऑर्डर १-३-२, कॉइल एकच. ४००० आरपीएमला सेकंदाला किती ठिणग्या पडतील, आणि पॉइंट ६० टक्के वेळ टेकलेले धरले तर कॉइलला भरायला किती मिलिसेकंद मिळतील? वरच्या कॉइलला तेवढे पुरतील का, तेही कारणासह लिहा.