गळती नेमकी कोठे? : डेस्कटॉपच्या पट्टीतील एका दोषाचा कारणशोध

आपल्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेतील संगणक जुने आहेत. त्यांची मेमरी प्रत्येकी २ जीबी. म्हणूनच त्यांवर लिनक्स प्रणाली व एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसविलेला आहे. १९९६ साली ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी सुरू केलेला हा प्रकल्प अशा यंत्रांना आजही साथ देतो. मात्र अलीकडे एक विचित्र प्रकार जाणवू लागला. नुकताच सुरू केलेला संगणक चपळ असे. चार-पाच दिवस सलग चालू राहिला की मंदावत मंदावत गोठून जाई. शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असलेल्या विद्यार्थ्याचा मजकूर अर्ध्यावर नाहीसा होणे ही किरकोळ अडचण नव्हे. अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

यंत्रे मोडीत काढून देणगीतून नवी घ्यावीत, असे अनेक हितचिंतकांनी सुचविले. सूचना सद्भावनेची होती. परंतु ज्या देणगीतून संगणक यायचे, तिच्यातूनच भोजनगृह आणि पुस्तकेही चालतात. ऐकीव मतावर न विसंबता स्वतः पारखून पाहावे, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. तेव्हा खर्चाआधी कारण पाहावे, असे आम्ही ठरविले व इयत्ता अकरावीच्या मुलामुलींना सोबत घेतले.

प्रथम ‘मेमरी लीक’ म्हणजे काय, ते पाहू. चालू असलेला प्रोग्रॅम कामासाठी मेमरीतील जागा मागून घेतो आणि काम संपताच परत करतो. परत करण्याचे राहून गेले, तर ती जागा कोणाच्याच उपयोगी पडत नाही; प्रोग्रॅम बंद होईपर्यंत अडकून राहते. मात्र मेमरी भरलेली दिसली म्हणजे गळती आहे, असे समजू नये. लिनक्स मोकळ्या जागेत डिस्कवरील फायलींच्या प्रती ठेवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. गळतीची खूण निराळी आहे : काम तेच, तेवढेच, तरीही जागा सतत वाढत जाते आणि कोठेही स्थिरावत नाही.

पडद्याच्या कडेची पट्टी, म्हणजे पॅनेल, हिच्यात घड्याळ, आवाज, जाळ्याची स्थिती अशी लहान प्लगइन्स बसतात. एक्सएफसीईमध्ये यांपैकी काही पॅनेलच्या पोटातच चालतात. बाकीची ‘रॅपर’ नावाच्या स्वतंत्र प्रक्रियेत चालतात. ही रचना आमच्या पथ्यावर पडली, कारण प्रत्येक रॅपरची मेमरी वेगळी मोजता येते. विद्यार्थ्यांनी दर अर्ध्या तासाने आकडे वहीत उतरविले. बाकी सर्व आकडे जवळपास स्थिर होते. प्रोसेसरचे तापमान दाखविणाऱ्या एका प्लगइनचा आकडा मात्र ताशी ८ एमबीहून थोडा अधिक वाढत होता, संगणकासमोर कोणी बसलेले नसतानाही.

पुढचा टप्पा आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटला. त्या प्लगइनमध्ये तापमान किती सेकंदांनी वाचावे, हे ठरविता येते. मूळ अंतर १ सेकंदाचे होते. ते १० सेकंद केले. वाढीचा वेग जवळपास एकदशांशावर आला. हे असता ते होते, हे कमी होता ते कमी होते : प्रतीत्यसमुत्पादाच्या तासाला शिकविलेला विचार वहीतील दोन स्तंभांत उतरला होता. याचा अर्थ, गळती प्लगइन सुरू होताना होत नव्हती. प्रत्येक वाचनागणिक होत होती.

येथे थोडे गणित कामी आले. तापमानानुसार रंग बदलणारे चिन्ह २४ गुणिले २४ बिंदूंचे होते. प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास एका चित्रास २,३०४ बाइट लागतात. तासात ३,६०० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ लाख बाइट. वहीतील वाढीशी हा आकडा इतका जुळत होता की संशय चित्रावरच स्थिरावला. याच वेगाने दिवसाला सुमारे २०० एमबी जागा अडकते. ब्राउझर उघडलेल्या २ जीबीच्या यंत्रास पाच दिवसांत गुदमरवायला तेवढी पुरेशी आहे.

संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्यासाठी ‘व्हालग्रिंड’ हे मुक्त साधन वापरले. (नॉर्स पुराणकथांतील वल्हाल्ला या सभागृहाच्या महाद्वाराचे हे नाव.) त्याच्या देखरेखीखाली प्रोग्रॅम कित्येक पटींनी सावकाश चालतो, धीर धरावा लागतो. शेवटी येणारा अहवाल लांबलचक असतो. चित्रे व अक्षरे हाताळणारी ग्रंथालये काही जागा मुद्दामच शेवटपर्यंत राखून ठेवतात, त्यांच्याही नोंदी त्यात येतात. म्हणून आम्ही एकच कसोटी लावली : कोणत्या नोंदीतील तुकड्यांची संख्या चिन्ह बदलल्याच्या संख्येशी जुळते? अशी एक नोंद सापडली, आणि तिचा माग चित्र फायलीतून वाचणाऱ्या ओळीपर्यंत पोहोचला.

दोष समजण्यास आपल्या ग्रंथालयाचे उदाहरण पुरेसे आहे. पुस्तकाच्या कार्डावर ज्यांची नावे आहेत, त्या सर्वांची नावे खोडली गेल्यावरच पुस्तक कपाटात जाते. या प्रणालीतही प्रत्येक चित्रापाशी ते किती जणांच्या हाती आहे याची गणती असते. ती शून्य झाली की जागा मोकळी होते. प्लगइनने चित्र वाचले, गणती १ झाली. पट्टीवरील चौकटीने ते स्वतःसाठी धरले, गणती २ झाली. पुढच्या सेकंदाला नवे चित्र येताच चौकटीने जुने सोडले, गणती १ वर आली. प्लगइनने आपला हात मात्र कधीच सोडला नाही. गणती शून्यावर येईना, आणि ज्या चित्राकडे कोणीही पाहणार नव्हते, ते मेमरीत पडून राही. दर सेकंदास एक.

दुरुस्ती एका ओळीची होती : चौकटीच्या स्वाधीन केल्यावर प्लगइनने चित्रावरील आपला हक्क सोडावा. विद्यार्थ्यांपैकी एकीने याहून चांगला मार्ग सुचविला. रंग मोजकेच आहेत, तर ती चित्रे आरंभीच एकदा वाचून ठेवावीत आणि फायल वारंवार उघडण्याचे कामच टाळावे. आम्ही तिचाच मार्ग स्वीकारला. प्लगइनचा मूळ मजकूर सर्वांस खुला असल्यामुळे हे करता आले; बंदिस्त असता, तर वहीतील स्तंभांपुढे आम्हांस जाता आले नसते.

बदललेले प्लगइन आठ दिवस अखंड चालू ठेवले. पहिल्या काही मिनिटांत आकडा थोडा चढला, नंतर जागचा हलला नाही. दुरुस्ती मूळ कर्त्यांकडे पाठविली आहे. नव्या संगणकांसाठीची रक्कम तूर्त तशीच शिल्लक आहे. आकड्यांची वही अभ्यासिकेत ठेवलेली असून भेटीस येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ती अवश्य चाळावी.