खोका फेकू नका

नोकरीमुळे ओसाका, म्युनिक आणि शिकागोजवळ राहणं झालं. सुट्टीच्या दिवशी गेमची दुकानं धुंडाळायची हा जुना नाद. त्यातून जमलेलं हे थोडं व्यवहारज्ञान.

१. नव्या मालाच्या कपाटापुढे रेंगाळू नका, थेट सेकंडहँडच्या खणाकडे जा. नवी डिस्क सगळीकडे सारखीच. ती घेणाऱ्याच्या डोक्यात पुढचा हिशेब काय असतो, ते जुन्या मालातच कळतं.

२. जपानमध्ये खोका आणि पुस्तिका जपलेल्यालाच भाव. ओसाकाच्या देन-देन टाउनमध्ये सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटी प्लास्टिकच्या पिशवीत बंद असतात आणि चिठ्ठीवर त्यांच्या खोडी लिहिलेल्या असतात: पुस्तिका नाही, खोक्याचा कोपरा दबलाय, मागे नाव लिहिलंय. कधीकाळी कुणा पोराने हरवू नये म्हणून मार्करने नाव लिहिलं, त्यापायी आज किंमत उतरते. मी अशाच कॅसेटी मुद्दाम शोधतो. खेळायला त्या तेवढ्याच चांगल्या. फक्त सेव्हसाठी आतली बॅटरी लागत असेल, तर ती बदललीय का एवढं विचारा. विकायला गेलात तर गल्ल्यावरची मुलगी डिस्क दिव्याखाली तिरकी धरून ओरखडे पाहते. रक्कम किरकोळ असली तरी ओळखपत्र मागते, कारण जुन्या गेमच्या खरेदीत तिकडच्या कायद्याला ते लागतंच. मग प्रत्येक गेमचा वेगळा भाव लिहून देते. एखादा नाही पटला तर तेवढा परत घ्या, कुणी तोंड वाकडं करत नाही.

३. हे सगळं नुसत्या जपानी शिस्तीतून आलं असं मात्र नाही. जुन्या गेमची विक्री तिथल्या कंपन्यांना खुपत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २००२मध्ये निकाल दुकानदारांच्या बाजूने लागला. भाड्याने देणं मात्र तिथे कंपनीच्या परवानगीशिवाय चालत नाही. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने कॉम्प्युटर सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंधनं आली, पण कन्सोलचे गेम त्यातून वगळले. म्हणून तिकडची एक पिढी ब्लॉकबस्टरसारख्या भाड्याच्या दुकानातून शुक्रवारी आणलेला गेम परत करण्याआधी संपवायच्या घाईत वाढली. जपानी पोरं विकत घ्यायची, संपवायची आणि विकून टाकायची.

४. अमेरिकेत गेमस्टॉपला गेम विकताना रोख मागितलीत तर कमी मिळेल. दुकानातच खर्चायचं क्रेडिट घेतलंत तर जास्त. तुम्ही पुन्हा तिथेच यावं, ही त्यातली मेख. या देवघेवीची लोकांना इतकी सवय, की २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर अटी घातल्या तेव्हा गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्या मागे घ्याव्या लागल्या.

५. जर्मनीत वयाचं रंगीत लेबल मुखपृष्ठाचा कोपरा खाऊन टाकतं. कव्हर उलटून पाहा, बऱ्याचदा मागच्या बाजूला बिनलेबलचं चित्र असतं. काटछाट न झालेली आवृत्ती हवी असेल तर जर्मन मंडळी सरळ ऑस्ट्रियातून मागवतात.

६. आता आपल्याकडचं. आपला भारतीय गिऱ्हाईक फुकट्या, हे मला पटत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिप बसवलेला पीएस टू घेतला की कॉपी डिस्क पन्नास-शंभरात मिळायची, आणि ओरिजिनल हजारांत. गेमची किंमत काय असते, हे आमच्या मनात तिथेच ठरलं. कॉपीला पुन्हा विकायचा भाव नसतो, त्यामुळे खोका जपायची सवय लागायचं कारणच नव्हतं. पुढे कॉपीचा मार्ग अरुंद झाला, तशी तीच मुलं ओरिजिनल घेऊन आपसांत बदलायला लागली. २०१५च्या नोव्हेंबरात स्टीम या ऑनलाइन दुकानात किमती रुपयांत दिसू लागल्या, तेव्हा सेलची वाट पाहून का होईना, पैसे मोजणारे कितीतरी निघाले. परवडेल असा भाव लावला की आपला माणूस पाकीट काढतो.

७. परदेशातून गेम आणताना आधी मशीन बघा. वी किंवा थ्रीडीएसला दुसऱ्या प्रदेशाचा गेम चालत नाही. स्विच आणि पीएस फाइव्हला चालतो. पण नंतर येणारी डाउनलोडची भर, म्हणजे डीएलसी, साधारणपणे डिस्क ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घ्यावी लागते. जपानी डिस्क आणि भारतीय खातं अशी जोडी बहुधा तिथेच अडते. भाच्याला डिस्क न्यायची असेल, तर तो पुढे डीएलसी विकत घेणार आहे का, हे त्यालाच आधी फोन करून विचारा.