ब्रह्मपुरीचा पाहुणा

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासमोर, झाडांच्या सावलीत टाऊन हॉलची इमारत उभी आहे. टोकदार कमानी, उतरते उंच छप्पर आणि निमुळते मनोरे पाहून एखाद्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासमोर आल्याचा भास होतो. तो निराधार नाही. मध्ययुगात युरोपातील भव्य प्रार्थनामंदिरे ज्या गॉथिक शैलीत बांधली गेली, तिच्याच धर्तीवर चार्ल्स मँट या वास्तुशिल्पज्ञाने ही इमारत आखली. १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली. आत मात्र प्रार्थना होत नाही. तेथे कोल्हापूरचा इतिहास नांदतो.

या इतिहासाचे मूळ पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीत आहे. १९४५-४६ साली डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी तेथे उत्खनन केले. मातीच्या थरांखाली सातवाहनकाळची विटांची घरे, नाणी आणि भांडी उजेडात आली. ब्रह्मपुरीतील वस्तू जपण्यासाठी १९४६ साली संग्रहालय सुरू झाले व १९४९ साली ते टाऊन हॉलमध्ये आले.

ब्रह्मपुरीने दिलेल्या वस्तूंत ब्राँझची एक चिमुकली मूर्ती आहे. ती आहे पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची! सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्रापासून दूर असलेल्या या गावी हा देव आला कसा? त्या काळी रोमन साम्राज्यातील व्यापारी मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने अरबी समुद्र ओलांडीत. सोपारा, कल्याण, चौल अशा बंदरांत माल उतरे आणि घाटवाटांनी देशावर पोहोचे. कोल्हापूरचे नाते दूरदेशांशी जडले होते, याची साक्ष ही मूर्ती देते.

ही मूर्ती कोणी मोडीत घातली असती, तर त्याला मूठभर धातूचे मोल मिळाले असते. पण इतिहासाचा एक साक्षीदार कायमचा मुका झाला असता. ती कोठे सापडली याची नोंद राहिली नसती, तरीही तिची साक्ष अपुरीच ठरली असती. म्हणूनच नांगरताना किंवा पाया खणताना जुनी वस्तू हाती लागली, तर ती घासूनपुसून घरी ठेवू नये. जागा न विसकटता सरकारी अधिकाऱ्यांस कळवावे. जमिनीच्या पोटातील इतिहास एकदाच वाचता येतो. त्याचे पान फाटले, तर ते पुन्हा जोडता येत नाही.

स्वाध्याय
१. टाऊन हॉल पाहून प्रार्थनामंदिराचा भास का होतो?
२. पोसायडनची मूर्ती कशाची साक्ष देते?
३. ‘मोडीत घालणे’ व ‘उजेडात येणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.