नवाच्या आधी दहा
(द्वितीय वर्ष, कला)

नवाच्या आधी दहा येतात असे कोणी म्हटले, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण संगणक तसे म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते चूक नसते. हे मला कसे कळले, ते प्रथम सांगते.

गेल्या वर्षी एका शिष्यवृत्तीची यादी पाहायला मी वडिलांबरोबर गेले होते. वडील रोजावर जातात. त्या दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते. यादीत 112 अर्ज होते आणि प्रत्येकापुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा होता. माझा क्रमांक 9, म्हणून मी पहिले पान पाहिले. तेथे 1, 10, 100, 101 असे आकडे होते, 9 नव्हता. वडिलांना वाचता येत नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “चल पोरी, नसंल आपल्या नशिबात.” आम्ही घरी परतलो. कागदपत्रे देण्याची मुदत संपायला एक दिवस उरला असताना मैत्रिणीने सांगितले, की माझा क्रमांक शेवटच्या पानावर 89 च्या खाली आहे, आणि शेरा ‘पात्र’ आहे.

असे का व्हावे? यादी करताना आकडे हे आकडे न मानता अक्षरे मानली गेली होती. शब्दकोशात आपण पहिले अक्षर पाहतो, ते सारखे असेल तर दुसरे. त्या न्यायाने ‘10’ मधील 1 हा 9 पेक्षा लहान, म्हणून दहा आधी. साधा उपाय म्हणजे सर्व आकडे सारख्या लांबीचे करणे: 009, 010, 100.

वाचकहो, हाच प्रश्न मोठमोठ्या माहितीसाठ्यांतही येतो. त्यांतील एका प्रकारात प्रत्येक नोंदीला एक ‘किल्ली’ असते आणि त्या किल्लीमागे मजकूर ठेवलेला असतो. 2011 साली गूगलने खुला केलेला ‘लेव्हलडीबी’ हा त्याच जातीचा. तो किल्ल्या क्रमाने लावून ठेवतो, म्हणून ‘येथून तेथपर्यंतच्या नोंदी दे’ असे म्हणताच त्या सलग मिळतात. परंतु किल्ली ही त्याला केवळ बाइटांची ओळ दिसते. प्रत्येक बाइट 0 ते 255 मधील एक आकडा. तो डावीकडून एकेक बाइट ताडून पाहतो; अर्थ जाणत नाही. तेव्हा अर्थाचा क्रम बाइटांच्या क्रमात उतरवणे हे किल्ली लिहिणाराचे काम होय.

प्रथम पूर्णांक घेऊ. दोन बाइटांत 9 म्हणजे (0, 9) आणि 256 म्हणजे (1, 0). मोठ्या स्थानाचा बाइट आधी लिहिला, तर 9 आधी येतो, हे बरोबर. पण पुष्कळ यंत्रे लहान स्थानाचा बाइट आधी ठेवतात. मग 9 होतो (9, 0) आणि 256 होतो (0, 1), आणि माझ्या यादीचीच गत होते.

दुसरी अडचण ऋण संख्यांची. एका बाइटात उणे 1 हा रूढ पद्धतीने 255 असा लिहिला जातो, म्हणून तो 127 च्याही पुढे जाऊन बसतो. उपाय असा, की सर्वांत डावीकडचा बिट उलटा करायचा. मग उणे 128 चा 0 होतो, उणे 1 चा 127, शून्याचा 128 आणि 127 चा 255. सर्व आपापल्या जागी!

तिसरी अडचण शब्दांची. किल्लीत नाव व आडनाव एकापुढे एक लिहिले, तर ‘राम’ व ‘दास’ आणि नुसता ‘रामदास’ यांत भेद राहत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाच्या शेवटी 0 हा बाइट खूण म्हणून ठेवतात. तो सर्वांत लहान असल्याने ‘राम’ हा ‘रामदास’च्या आधीच येतो. मजकुरातच 0 असेल तर? ‘फाउंडेशनडीबी’ या साठ्याच्या पद्धतीत तो (0, 255) असा लिहितात. पुढील घटकाची सुरुवात 255 ने कधीच होत नसल्याने घोटाळा होत नाही.

मराठीची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट मला विशेष वाटली. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, युनिकोडच्या कोष्टकात मात्र तो ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी आहे. त्यामुळे नुसत्या बाइटांनी लावल्यास ‘काळ’ आधी आणि ‘काव्य’ नंतर येईल. आपला क्रम हवा असेल, तर किल्लीत अक्षराऐवजी त्याचे वर्णमालेतील स्थान लिहावे लागेल.

तात्पर्य, यंत्र चुकत नाही. त्याला क्रम सांगणारा चुकतो, आणि त्या चुकीची मजुरी दुसऱ्याच कोणाची तरी बुडते. सध्या मी ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करते. प्रत्येक क्रमांकाआधी पुरेशी शून्ये लावल्याशिवाय यादी फलकावर लावत नाही. तरीही मित्रमैत्रिणींनो, एवढे ध्यानात ठेवा : यादीत आपला क्रमांक दिसला नाही, तर शेवटचे पान पाहिल्याशिवाय घरी जाऊ नका.