चेरी टोमॅटोची बरणी केवढ्याला पडते?

सांगायचं ते आधीच सांगतो. नुसतं वाळवण करायला चेरी टोमॅटो लावायचा विचार असेल, तर लावू नका. आवक वाढली की साधा टोमॅटो बाजारात दहा-पंधरा रुपये किलोवर येतो. तेव्हा बारा किलो आणून वाळवला तर किलोभर सुका माल दीड-पावणेदोनशे रुपयांत हाती लागतो. गच्चीवरचा चेरी टोमॅटो ताजा खाण्यासाठी असतो. घरच्यांनी खाल्ला, शेजारी दिला आणि तरी टोपली भरून उरली, की मग वाळवायचा.

आता दहा रोपांचा खर्च. भाव साधारण आहेत, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील. पंधरा इंची दहा ग्रो-बॅग ८०० रुपये, गांडूळखत ५००, कोकोपीट ४००, बांबूच्या दहा काठ्या ३००, बी ८०, निंबोळी तेल १२०, पिवळे चिकट सापळे ६० आणि सुतळी ५०. एकूण २,३१० रुपये. पिशव्या, काठ्या आणि कोकोपीट तीन वर्षं चालतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ८१० रुपयांतच भागतं. तीन वर्षांची सरासरी १,३१० रुपये. झाडामागे दोन किलो धरले (नीट पाणी मिळालं तर जास्तही निघतात) तर वीस किलोचा भाव ६५ रुपये किलोच्या आसपास पडतो. पहिल्याच वर्षात सगळा खर्च वसूल करायला बसलात तर ११५. गावी गोठा असेल तर खताचा आकडा खोडून टाका.

एक गोष्ट मात्र फुकट मिळते म्हणून भरू नका, ती म्हणजे नुसती काळी माती. पाणी पडलं की चिप्प बसते, सुकली की भेगाळते आणि मुळं तुटतात. माती, कोकोपीट आणि खत सारख्या मापाने मिसळा.

बियांच्या पाकिटात मोजून पंधरा-वीस दाणे पाहून कपाळाला आठ्या पडतात खऱ्या. पण संकरित बी महाग का, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातच देऊळगाव राजा, सिंदखेड राजा पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. तिथे बाया वाकून एकेका कळीतले पुंकेसर चिमट्याने उपटतात आणि मग नराचे पराग हाताने लावतात. एक फळ, एक कळी, दोनदा हात. अशा संकरित फळाचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, झाडं एकसारखी येत नाहीत. बियांचे पैसे वाचवायचेच असतील तर शेताच्या धुऱ्यावर आपोआप उगवणारं गावरान भेदरं, म्हणजे देशी टोमॅटो, धरा. पिकलेलं फळ कागदावर चिरडून वाळवलं की झालं बी. चव आंबट, साल जाड. भाकरीशी मला तरी तेच आवडतं.

पैशापेक्षा वेळ चुकते आणि तिथेच नुकसान होतं. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की टोमॅटोची फुलं गळतात. घाटाखाली, म्हणजे मलकापूर-नांदुरा-खामगावकडे, ही वेळ घाटावरच्या बुलडाणा-चिखलीपेक्षा लवकर येते. वाळवणाला मात्र तेच कडक ऊन हवं असतं. फळ थंडीत आणि ऊन उन्हाळ्यात, अशी ही गाठ आहे. तिचा मेळ फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतच बसतो. म्हणून ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात बी टाका, महिन्याभरात चार-पाच पानांचं रोप पिशवीत लावा. डिसेंबर-जानेवारीचा तोडा खा आणि फेब्रुवारीचा वाळवा.

पाणी रोज झाडामागे एक-दोन लिटर. नळ आठवड्याने येत असेल तर दहाच्या जागी सहाच रोपं लावा. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओतली की फळं तडकतात आणि बुडाला काळी पडतात. पानं आकसून बोकडली तर पांढऱ्या माशीने विषाणू आणलाय असं समजा. ते झाड उपटून टाका, औषधावर पैसा घालू नका.

वाळवताना मी पहिल्या वर्षी सगळ्या चुका केल्या. फळं अख्खीच ठेवली, सालीमुळे आठवडाभर तशीच टमटमीत राहिली. मग चिरून, मीठ लावून गच्चीवरच्या जस्ताच्या पत्र्यावर पसरली. आंबट रस आणि मीठ पत्र्याला लागून खालची बाजू काळी पडली, सगळं फेकलं. पुढची खेप जानेवारीत रात्रभर बाहेर राहिली आणि दवाने बुरशी धरली. उरलेल्याची वानरांनी सोय केली.

तेव्हा रीत अशी: फळाचे दोन भाग करा, किलोला दोन चहाचे चमचे मीठ लावा आणि चिरलेली बाजू वर ठेवून बाजेवर ताणलेल्या नायलॉनच्या जाळीवर मांडा. खालून-वरून हवा खेळली पाहिजे. वर जुनी मच्छरदाणी टाका, कडांना दगड ठेवा. ऊन कलायच्या आत घरात घ्या. फेब्रुवारीअखेर चार-पाच दिवसांत काम होतं. जाळीचे २०० रुपये एकदाच लागतात. दहा किलोचे साधारण साडेआठशे ग्रॅम उरतात, म्हणजे शंभर ग्रॅम घरच्या मालाचे ७७ रुपये.

हेच विजेच्या घरगुती ड्रायरवर करून पाहा. यंत्र सात हजारांचं धरलं, पाच वर्षं चालवलं, तर वर्षाला १,४०० रुपये. पाचशे वॅटवर दहा तास म्हणजे पाच युनिट, दहा रुपये युनिटने खेपेला ५०. दहा किलोला तीन खेपा, १५० रुपये. शंभर ग्रॅममागे नुसती वाळवणावळ १८० रुपयांच्या पुढे जाते. आपल्या जिल्ह्यात उन्हाची टंचाई कधी झाली? सोलर ड्रायरची गोष्ट वेगळी, पण तो गटाने घेण्याचा माल आहे. छत्रपती संभाजीनगर भागात एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी महिलांना सोलर ड्रायर देऊन कांदा-टोमॅटो वाळवून घेते. तिला २०२३ मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. चार-पाच जणींनी मिळून क्विंटलने माल काढायचा असेल तरच तो विचार करा. विकायचंच असेल तर आधी अन्नसुरक्षेची मूलभूत नोंदणी काढा, तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे.

वाळलेला तुकडा दाबला तर रस येता कामा नये आणि वाकवला तर चामड्यासारखा चिवट लागला पाहिजे. कपाटात ठेवायचा असेल तर आणखी एक-दोन दिवस ऊन द्या, कडकन मोडेपर्यंत. काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवून रोज हलवा, आतून बाष्प दिसलं तर सगळं पुन्हा उन्हात. तेलात लसूण घालून मुरवलेला टोमॅटो दिसायला छान, पण तो बाहेर ठेवू नका. बिनहवेच्या तेलात घातक जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात मार्चची अर्धी बरणी शिल्लक होती. वरणात चार तुकडे, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून. पाणी फेकायचं नाही, तेही वरणातच.